बुकात नसलेला बोजा

"उचला भंडारा," मी म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग आमच्या ह्यांच्याकडं. हे खुर्चीत मान खाली घालून बसले होते. परक्याच्या घरात मी असं काही बोलले की ते स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसायचे.

"बाई, गाडीचं बुक दाखवलं की तुमाला," अण्णा म्हणाले. "बुकात बोजा न्हाई."

"बुक मी बघितलं. आरटीओतल्या एजंटालाही दाखवून आले. तरी उचला."

माझ्या धाकट्या भावानं असाच एक जुना टेम्पो घेतला होता. विकणारा गोड बोलला, बुक नंतर देतो म्हणाला. दोन आठवड्यांत फायनान्सवाल्यांनी टेम्पो भर बाजारातनं ओढून नेला, आतल्या वांग्यांसकट. पहिल्या मालकाचं कर्ज होतं त्याच्यावर. गाडी कर्जाची असली की बुकात बँकेचं नाव चढतं, त्यालाच बोजा म्हणतात. कर्ज फिटलं की तो उतरवून घ्यायचा. एवढं साधं बघितलं नाही आणि भाऊ बसला बोंबलत. तेव्हापासून मी ताकही फुंकून पिणारी झाले होते.

आणि मला फुंकून प्यायला कारणही होतं. ह्यांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तासगावहून सांगलीला डायलिसिस. मशीनवरनं उठलं की माणूस पिळून काढलेला असायचा. एस.टी.च्या गर्दीत उभं राहून परत येताना एकदा हे स्टँडवर पडले. जन्मभर एस.टी. चालवलेला माणूस, त्याच स्टँडवर आडवा! त्या दिवशी मी पाटल्या मोडून गाडी घ्यायचं ठरवलं. गाडी आम्हाला मिरवायला नको होती. गाडी गेली तर डायलिसिस जाणार होतं, आणि डायलिसिस गेलं तर हे जाणार होते.

म्हणून भिलवडीत यशवंत कारंडे अण्णांच्या सोप्यात बसून मी असा हट्ट धरला होता. अण्णा साखर कारखान्यातले रिटायर वॉचमन. गाडी त्यांच्या मुलाची, सुहासची. पांढरी, जुनी, पण पोरानं जिवापाड जपलेली. सुहास लग्नाचे फोटो काढायचा. एकोणतीस वर्षांचा असताना काविळीनं गेला, त्याला चार-पाच महिने झाले होते. गाडी अण्णांनी स्वतःच्या नावावर करून घेतली होती आणि आता विकायला काढली होती. दारात उभी बघवत नाही म्हणाले.

अण्णांनी आत हाक मारली. काकूंनी देवघरातनं वाटीत भंडारा आणि त्यावर बेलाचं पान आणून दिलं. अण्णांनी ते उजव्या हातात घेतलं.

"माज्या सुहासच्या गाडीवर कुणाचा एक रुपाया जरी असला, तर पालीचा खंडोबा मला बगून घेईल."

काकू दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला जरा लाजल्यासारखं झालं, पण मन निवांत झालं. आमच्याकडं बेल-भंडार उचलून कुणी खोटं बोलत नाही. बोलणारे असतील, अण्णा त्यांतले दिसत नव्हते.

"दुसरी चावी?" मी निघता निघता विचारलं.

"घावली न्हाई बगा. समदं घर पालथं घातलं. कुटं टाकली पोरानं, कुणास ठाऊक."

हे उठून उभे राहिले. "चल आता. एवढी उलटतपासणी पोलीस पण घेत नाहीत."

मी चावीचा विषय सोडून दिला. एका गाडीला दोन चाव्या हव्यातच कशाला, असं तेव्हा वाटलं.

गाडी चालवायला मी त्रेचाळिसाव्या वर्षी शिकले. शेजारी बसून ह्यांचं चालूच असायचं. "गिअर बदल. अगं, गिअर! ती म्हैस हॉर्न ऐकत नसते, तूच थांब." मी म्हणायचे, "तोंड मिटा, नाहीतर इथंच उतरवीन." मागच्या सीटवर ह्यांची उशी, पांघरूण, दवाखान्याची फाईल आणि उलटी झालीच तर एक प्लास्टिकचा डबा, एवढा संसार कायम असायचा. येताना ते मागं आडवे व्हायचे आणि डोळे मिटून गिअर सांगायचे.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका मंगळवारी सकाळी मी दार उघडून बसले, तर पाय क्लचला पोचेना.

मी बुटकी. सीट अगदी पुढं ओढून घेतल्याशिवाय मला चालवता येत नाही. आणि आज ती पार मागं गेलेली.

"तुम्ही बसला होता गाडीत?"

"मी?" हे म्हणाले. "मला चप्पल घालताना धाप लागते."

सीट पुढं घेतली, निघालो. शुक्रवारी पुन्हा सीट मागं. आरसाही वर झालेला. उंच माणसाला लागतो तसा. दार लॉक, काचा वर, गाडी जिथल्या तिथं. आमच्या गल्लीत मारुतीच्या देवळाच्या भिंतीकडंला लावायचो ती. चोरी म्हणावी, तर टेपला हात नाही, स्टेपनी जागेवर. मी रोज संध्याकाळी सीट पुढं ओढून ठेवायला लागले, मुद्दाम, खूण म्हणून. दोन दिवस काही नाही व्हायचं, तिसऱ्या दिवशी सीट मागं.

एकदा तर मागच्या सीटवरची उशी नीट उभी करून ठेवलेली आणि पांघरुणाची घडी घातलेली. मी पांघरूण नेहमी बोळा करून टाकते. ती घडी बघितली आणि मी दार तसंच उघडं टाकून घरात पळाले.

शेजारच्या शालनवहिनी म्हणाल्या, "पोरगा उंच होता का हो, ज्याची गाडी तो?"

मी सुहासचा फोटो बघितला होता अण्णांच्या भिंतीवर. हार घातलेला. दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच.

"मग झालं तर," वहिनी म्हणाल्या. "लग्न न झालेलं पोर. जीव अडकलाय गाडीत. विकून टाका."

विकून टाका! काय सोपं असतं दुसऱ्याला सांगायला. मी लिंबू-मिरची बांधली, चाकाखाली नारळ ओवाळून फोडला. तरी सीट मागंच. खरं सांगते, मला भीती वाटायची. सांगलीच्या रस्त्याला ह्यांचा डोळा लागला की आरशात बघायची छाती व्हायची नाही. एकदा कवलापूरच्या पुढं मी चक्क मोठ्यानं बोलले, "बाबा रे, तुझी गाडी आहे, कबूल. पण ह्यांना पोचवू दे मला. मग तू आणि तुझी गाडी."

"कुणाशी बोलतेस?" मागनं हे म्हणाले.

"तुमच्याशीच."

"मला 'बाबा रे' म्हणायला लागलीस होय!"

हसून घेतलं, पण ह्यांनाही कळत होतं. शेवटी तेच म्हणाले, "म्हाताऱ्याला जाऊन विचार तरी. त्याचं पोर आहे, त्याला काही उपाय माहीत असेल."

सांगलीहून येताना वाट वाकडी करून आम्ही भिलवडीला गेलो. मी तावातावानंच गेले होते. अण्णा अंगणात बसले होते, काकू गावात कुठं गेल्या होत्या. मी सगळं सांगितलं. सीट, आरसा, पांघरुणाची घडी. म्हटलं, "तुमचा मुलगा गाडी सोडत नाही. काय राहिलं असेल त्याचं ते करा, पण आम्हाला मोकळं करा."

मला वाटलं, म्हातारा घाबरेल किंवा चिडेल. अण्णा उठून उभे राहिले. माझा हात धरला त्यांनी. परक्या बाईचा हात धरलाय, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"येतोय व्हय त्यो?"

"हितं एकदा बी आला न्हाई," अण्णा म्हणाले. "त्याची आई रोज ताट वाढती. सपनात सुदिक न्हाई आला. तुमच्याकडं येतोय?" आणि त्यांचे डोळे असे काही लखलखले, की माझा सगळा ताव जागच्या जागी गळून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं अण्णा आमच्या दारात हजर. खांद्यावर शाल, हातात पिशवी. "रागावू नका. एकच डाव बसू द्या मला गाडीत. पहाटं येतोय म्हनला न्हवं?"

पहाटे येतो असं मी म्हटलं नव्हतं. रात्री सीट पुढं ठेवते आणि सकाळी मागं असते, एवढंच सांगितलं होतं. पण ह्या माणसाला नाही कसं म्हणायचं? ह्यांनी किल्ली आणून त्यांच्या हातात दिली.

पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. अण्णा उजाडल्यावर गाडीतनं उतरले, चहा प्याले, ओसरीवर बसून राहिले. "वळखीचं मानूस बगून लाजला आसंल," म्हणाले. ह्यांच्या आणि त्यांच्या गप्पा जमल्या. एस.टी. आणि कारखाना, दोघांची जन्माची रात्रपाळी. मी आतनं ऐकत होते. हा माणूस वाट बघणार, रोज बघणार, आणि कोणी नाही आलं तर काय करायचं? आणि आलं तर?

दुसऱ्या पहाटे मी चहाचा कप घेऊन बाहेर आले. झुंजुमुंजू झालेलं. देवळाच्या भिंतीशी गाडी उभी, आत शेजारच्या सीटवर शाल पांघरून अण्णा. डोळा लागला असावा. आणि गल्लीच्या तोंडातनं एक माणूस सरळ गाडीकडं येत होता. मी ओसरीच्या खांबाआड थांबले.

त्या माणसानं खिशातनं चावी काढली. दारात घातली. दार उघडलं, वाकून सीट मागं ढकलली आणि आत बसला.

"सुहास?" अण्णांचा आवाज आला.

तो माणूस जो किंचाळला, अख्खी गल्ली जागी झाली असती. दार ढकलून बाहेर पडला तो थेट देवळाच्या भिंतीवर आदळला. तोवर मी पोचले होते. माझी भीती अशी गेली आणि संताप असा आला, की मी कप तसाच त्याच्या अंगावर भिरकावला.

"कोण रे तू मेल्या?"

उंच नव्हता तो. चांगला आडवा, ढेरपोट्या माणूस होता. ढेरी स्टिअरिंगला लागते म्हणून सीट मागं घ्यायचा, आणि मग आरसाही फिरवायचा. माझं भूत ते एवढंच!

"ओरडू नका ताई," तो अंगावरचा चहा झटकत म्हणाला. "भारत ऐवळे माझं नाव. पतसंस्थेचा वसुलीवाला हाय मी. ह्या गाडीवर कर्ज हाय."

मी खाली बसले. रस्त्यातच. बुक, एजंट, भंडारा, सगळं करून शेवटी तिथंच! हे ओसरीवर येऊन उभे राहिले होते, भिंत धरून. मला फक्त पुढचा मंगळवार दिसत होता.

"बुकात काही नाही," मी म्हणाले.

"आमची संस्था बुकावर चढवतच न्हाई. कागदावर सह्या घ्यायच्या आणि दुसरी चावी ठेवून घ्यायची. हप्ते थांबले की जाऊन गाडी आणायची." त्यानं हातातली चावी पुढं केली. "ही त्याचीच."

अण्णा गाडीतनं उतरले होते. त्यांनी ती चावी घेतली, उलटीसुलटी करून बघितली. "समदं घर पालथं घातलं हिच्यासाटी," ते म्हणाले. मग म्हणाले, "म्हंजे त्यो येत न्हवता."

"मग इतक्या वेळा येऊन नेली का नाहीस?" हे विचारत होते. "चावी हातात होती. बसून परत का जात होतास?"

भारतनं मागच्या सीटकडं बोट केलं. "ती उशी. पहिल्या दिवशी बसलो, सुरू करणार, तेवढ्यात मागं बघितलं. उशी, फाईल, उलटीचा डबा. फाईल उघडून बघितली, माफ करा. आठवड्यातनं दोनदा मशीनवर जाणाऱ्या माणसाची गाडी कशी न्यायची हो? दरवेळी ठरवून यायचो, आज न्यायचीच. बसायचो, बसायचो, आणि पांघरुणाची घडी घालून जायचो. हापिसात सांगायचो, गाडी घावंना."

"आणि माज्याकडं का न्हाई आलास?" अण्णा एकदम तडकले. "बाप जित्ता हाय न्हवं त्याचा? भंडारा उचलून बसलो की मी! खोटा केला मला देवाम्होरं!"

अण्णांनी भारतचा दंड धरून हलवला. "बोल की!"

"सुहासला शब्द दिला होता," तो म्हणाला. "त्यानं भरलेला शेवटचा हप्ता दवाखान्यात माझ्या हातात दिला. पिवळाधमक झाला होता. म्हणाला, भारतदा, काही झालं तर गाडी न्या, पण घरी जाऊ नका. अण्णांना कळता कामा नये."

"काय कळता कामा न्हये? कसलं कर्ज काडलं होतं त्यानं? जुगार खेळत होता? बाई होती? सांग, आता काय व्हायचं ऱ्हायलंय?"

भारतनं माझ्याकडं बघितलं, जणू मी त्याला सोडवणार होते. मग खाली बघून म्हणाला, "तुमचा बायपास."

"येडा हाईस काय? माजा बायपास फुकट झाला. पुन्यात, ट्रस्टच्या दवाखान्यात. सुहासच्या वळखीचा डाक्टर होता."

"फुकट होतो का हो अण्णा बायपास?" भारत म्हणाला. "ओळखीचा डॉक्टर, ट्रस्ट, सगळं त्यानं रचून सांगितलं. तुम्ही ऑपरेशनला नाही म्हणाल म्हणून."

अण्णांचा हात आपोआप छातीवर गेला. सदऱ्यावरनं त्यांनी बरोबर मधोमध दाबून धरलं आणि ते तसेच उभे राहिले. ते पडतील म्हणून मी उठून त्यांच्या मागं गेले. पडले नाहीत.

"मी म्हनलोच असतो," ते म्हणाले. "न्हाई म्हनलोच असतो." आणि मग तो म्हातारा माणूस माझ्या दारात जे रडला, ते मी कधी विसरणार नाही. आता हे नाहीत, अण्णा नाहीत, त्या पतसंस्थेलाही टाळं लागलं. पण ते रडणं अजून कानात येतं. हे पायरी उतरून आले, अण्णांच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांची शाल खांद्यावर सरळ करत राहिले.

गाडी आमची आमच्याकडंच राहिली. अण्णा त्याच दिवशी भारतला घेऊन पतसंस्थेत गेले. आम्ही दिलेले गाडीचे पैसे त्यांनी हात न लावता ठेवले होते, ते तिथं भरले. उरलेलं व्याज भारतनं साहेबाच्या पाया पडून सोडवून घेतलं. मी अण्णांना म्हणाले, निम्मे आम्ही देतो, सावकाश. ते माझ्यावर असे खेकसले, की मी पुन्हा विषय काढला नाही. जाताना दारातनं वळून एवढंच म्हणाले, "आमच्या हिला ह्यातलं काय बी सांगायचं न्हाई. आप्रेशन फुकटच झालंय. ध्यानात ठिवा."

दिवाळीत फराळ घेऊन आम्ही भिलवडीला गेलो. काकूंनी ह्यांच्याकडं बघितलं, हातावरचे सुईचे वण बघितले आणि त्यांचा जीव कळवळला.

"तुमी ह्यांच्या दवाखान्यात का जाईनासा वो? पुन्याला? एक पैसा घेतला न्हाई बगा आमच्याकडनं. सुहासच्या वळखीचा डाक्टर हाय. आमच्या सुहासचं नाव सांगा, दुसरं काय लागत न्हाई."

अण्णा ताटलीतली चकली मोडत होते. वर बघितलं नाही त्यांनी.

"सांगते की," मी म्हणाले.

मग काकू माझ्याजवळ सरकल्या. अण्णांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू म्हणाल्या, "आनि त्यो? गाडीत येतोय म्हनून सांगूनच हे तुमच्याकडं आलं हुतं. येतोय न्हवं अजून? ह्यास्नी इचारलं की बोलतच न्हाईत."

मला तोंडावर खरं बोलायची खोड. त्यापायी माहेरचं, सासरचं कितीजण तुटले. मी काकूंच्या तोंडाकडं बघितलं.

"येतोय की," मी म्हणाले. "कालच येऊन गेला."

काकूंनी डोळे मिटून घेतले. मग लगबगीनं आत गेल्या. आम्ही निघालो तेव्हा धावत गाडीपाशी आल्या आणि काचेतनं एक डबा माझ्या हातात दिला. "शेंगोळे हाईत. कुळताचे. लई आवडत्यात त्याला. रातच्याला तेवडा गाडीत ठिवाल न्हवं?"

"ठेवते," म्हणाले मी.

त्या हात हलवत दारात उभ्या राहिल्या. मी किल्ली फिरवायला गेले आणि डोळ्यांपुढचं सगळं पुसट झालं. ह्यांनी माझ्या मांडीवरचा तो गरम डबा उचलून स्वतःकडं घेतला.

"बस थोडा वेळ," ते म्हणाले. "आपल्याला काय घाई आहे."